शुक्रवारची परात

मादाम सिसेंनी निघताना पर्स उघडली आणि आत सोन्याच्या मुठीचा खंजीर निघाला.

"जेवू घालून वर विकतही घेता?" त्या कडाडल्या. दक्षिणेकडच्या देशांच्या व्यापारसंघात मोरोक्कोला घ्यायचं की नाही, यावर उद्या त्या आपल्या देशातर्फे मत देणार होत्या.

इन्स्पेक्टर झेरवाली रबातला, हाज मक्कींच्या बंगल्यात पोचले ते उपाशीच. शुक्रवारचा कुसकुस, तो वाफवलेल्या रव्याचा डोंगर, बुडवणाऱ्या गुन्हेगारांचा त्यांना आता कंटाळा आला होता.

खंजीर परराष्ट्र खात्याच्या भेटींपैकी. मतदानानंतर वाटायच्या या भेटींचा खोका खात्यातल्या तरुण कर्मचारी झहूरने आणला होता आणि बाहेरच्या खोलीत, मादामच्या पर्सशेजारी ठेवला होता. झहूरच्या निलंबनाचा हुकूम निघायच्या बेतात होता.

"जेवताना कोण उठलं?"

"मी, फोनवर," खात्याचे सचिव बन्नीस म्हणाले. "मंत्र्यांना घासाघासाची बातमी लागते."

"मी गच्चीत होते," मादाम म्हणाल्या.

"मी फाटकावर, गाडी बोलवायला," झहूरचा आवाज कापत होता. "पण देवाशपथ, साहेब, खोका उघडला नाही."

"आणि हाज, तुम्ही?"

यजमान हाज मक्कींनी पोटावरून हात फिरवला. "परातीसमोरून हललो नाही. सगळे फोनवर, मी कुसकुसवर. पोट तट्ट भरलंय!"

झेरवालींनी हात धुतले. साबण मक्कींच्याच कारखान्याचा. वास गुलाबाचा, भावही गुलाबाचाच.

"मादाम, तुमच्या देशात साबण होतो?"

"पामतेलाचा. याच्या निम्म्या दरात."

परात अजून तशीच होती. झेरवाली तिच्याभोवती सावकाश फिरले.

"एका परातीत जेवताना माणूस आपल्यापुढचंच खातो," ते म्हणाले. "मादामपुढे खड्डा, झहूरपुढे खड्डा, बन्नीसांपुढे तर तळ दिसतोय. हाज, तुमच्यापुढे डोंगर शाबूत आहे. भोपळ्याची फोडसुद्धा हललेली नाही. सगळे उठले तेव्हा तुम्ही खाल्लंत काय?"

मक्कींचा हात पोटावरून खाली आला.

"मादाम चिडून विरोधात गेल्या, की स्वस्त साबण सीमेपलीकडेच राहतो. आणि आळ येतो झहूरवर."

"अहो, देशाला संघात न्यायच्या समितीचा अध्यक्ष मी!"

"म्हणूनच. विरोधकाला दाराबाहेर बसवतात, हाज. अध्यक्षाला पर्सजवळ जाता येतं."

शिपाई मक्कींना घेऊन गेला. बन्नीसांनी मंत्र्यांना फोन लावला आणि निलंबनाचा हुकूम थांबवला.

"तुमचं मत, मादाम?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते उद्या. आधी या माणसाला जेवू द्या."

पुराव्याचा फोटो काढून झाला होता. झेरवाली मक्कींच्या जागेवर बसले.

"गरम करून आणू का, साहेब?" झहूरने विचारलं. आवाज आता कापत नव्हता.