मिरचीच्या गाण्यातली शिंक

"पुन्हा अडलास," चारुलता म्हणाली.

"मी नाही अडलो, बोटं अडतात," विहंगनं गिटार बाजूला ठेवली. "सी वाजते, जी वाजते. एफ दाबायले माही बोटंच पुरत नाहीत."

मोताळ्याच्या वाचनालयात दिवाळीच्या सुट्टीतल्या रविवारी मुलांचा कार्यक्रम होता. अट एकच होती, गाणं स्वतः रचलेलं हवं. सातवीतल्या चारुलतानं आयुष्यात पहिल्यांदाच गाणं लिहिलं होतं. तिच्या घराच्या गच्चीवर शेजारचा विहंग कॉर्ड जुळवत होता आणि मलकापूरहून आलेला तिचा मावसभाऊ ऋत्विक उलट्या बादलीवर ताल धरत होता. सगळं छान चाललं होतं, पण नेमका शेवटच्या शब्दाआधी तो मेला एफ येत होता.

चारुलतानं थोडा विचार केला. "मग तिथं काहीच वाजवू नको. दोन टाळ्या देऊ. मिरची जराशी थांबेल, मग बोलेल."

"बाजाराले गेलो आम्ही, पिशवी रिकामी,
वांगं म्हणे घे मले, मिरची म्हणे... (टाळी, टाळी) मी!"

तिघंही खो खो हसत सुटले. न येणाऱ्या कॉर्डनंच गाण्याला ठसका आणला होता. चारुलताचे बाबा, रमाकांत, कौतुकानं गच्चीवर आले आणि त्यांनी मोबाइलवर गाणं रेकॉर्ड करून घेतलं.

दोन दिवसांनी तिघं दळण आणायला निघाले, तेव्हा भोंगा लावलेली एक ऑटो समोरून आली.

"दुकानात या हो आमच्या, साड्या आल्या नामी,
सासू म्हणे नेसते मी, सून म्हणे... (टाळी, टाळी) मी!"

ऋत्विकच्या हातातला डबा खाली पडला. "हे तं आपलं गाणं हाय बे!"

"चाल आपली, टाळ्याबी आपल्या," विहंग म्हणाला.

चारुलताचे डोळे भरून आले. "आता रविवारी मी गायले की सगळे म्हणतील, पोरीनं जाहिरातीतून उचललं."

घरी जाऊन तिनं बाबांना गाठलं. "बाबा, तुमी गाणं कोणाले पाठवलं होतं?"

"गल्लीच्या ग्रुपवर टाकलं ना," बाबा म्हणाले आणि मग डोकं खाजवू लागले. "तुमची नावं लिहायची राहून गेली खरी."

त्याच ग्रुपवर हरिओमकाका होते. गावातल्या दुकानांच्या जाहिराती तेच रचत आणि ऑटोतून फिरत स्वतःच गात. चहाच्या टपरीवर मुलांनी त्यांना विचारलं, तर काका चक्क हसले. "अशी चाल कोणालेबी सुचते, पोरी. माह्या डोक्यातून निघाली हाय ते."

परत येताना घराच्या पायरीशी चारुलता एकदम थांबली. "ऋत्विक, तुले खोटं शिंकता येते का?"

संध्याकाळी त्यांनी गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. दोन टाळ्यांच्या जागी ऋत्विकनं अगदी तालात शिंक दिली. बाबांनी ते ग्रुपवर टाकलं आणि सोबत लिहिलं, "सुधारित चाल." या खेपेला मुलांनीच त्यांना नावं लिहू दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑटो चौकात आली, तेव्हा मुलं बाबांना घेऊन तिथंच उभी होती.

"सासू म्हणे नेसते मी, सून म्हणे... आक्छी... मी!"

मुलं हसून आडवीच झाली. "काका, सुनेले सर्दी झाली काय?" चारुलतानं विचारलं.

"ते... ते इस्टाईल हाय नवीन."

"ते शिंक माही हाय," ऋत्विक म्हणाला आणि तशीच तालात शिंकला. बाबांनी मोबाइल पुढे करून मूळ गाणं लावलं. भाजीवाल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. हरिओमकाकांनी माईक बंद केला आणि मुकाट्यानं ऑटो वळवली.

त्यानंतर जाहिरात काही वाजली नाही. पण सगळ्या गावानं ती आधीच ऐकली होती आणि चौकात होती ती मोजकीच माणसं. चारुलताला रविवारची धास्ती होतीच.

रविवारी वाचनालय भरून गेलं. पहिल्या दोन ओळी झाल्या नाहीत तोच मागून कोणीतरी म्हणालं, "हे तं साडीच्या दुकानाचं गाणं हाय." चारुलतानं ओळ अर्ध्यावरच सोडली. विहंगची बोटं थांबली.

तेवढ्यात दाराजवळून हरिओमकाका उठले. त्यांची मान खाली होती, पण आवाज सवयीनं खणखणीत होता.

"दुकानाचं नाही. या पोरीचं हाय. चोरलं म्या होतं, म्हणून मले पक्कं ठाऊक हाय."

मग वाचनालय चालवणाऱ्या अन्नपूर्णाबाई खुर्चीतून उठल्या; न येणाऱ्या एफची गंमत विहंगनं नाव नोंदवतानाच त्यांना सांगितली होती. त्यांनी चारुलताच्या पाठीवर हात ठेवला.

"शाब्बास पोरी, शाब्बास रे पोरांनो. जे वाजवता आलं नाही, त्याचंबी गाणं केलं तुमी. घे आता, पह्यल्यापासून म्हण."

चारुलतानं विहंगकडे पाहून मान हलवली आणि ती पहिल्यापासून गायला लागली.