सहासष्टचे ब्याऐंशी

"ओ मॅडम... पाणी पडून राह्यलं."

बेबीनंदाने खाली पाहिले. तिच्या मांडीवरच्या स्टीलच्या डब्यातून थेंब गळत होते, आणि नेमके शेजारच्या माणसाच्या हातातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर पडत होते. एमआयडीसीकडे निघालेल्या टेम्पोत दाटीवाटीने नऊ माणसे बसली होती. सरकायला जागा नव्हती. एप्रिल २००५ मधला मंगळवार, सकाळचे सव्वानऊ, आणि ऊन आताच डोळ्यांत घुसत होते.

"खोकं वर धरा ना मंग," ती म्हणाली.

"धरतो. पण डब्यात हाये काय? वरण?"

"चारशे बिया. झोपेतून उठायच्यात. हळू बोला."

तो हसला. खोके त्याने छातीशी धरले. "ह्याच्यात बी एक जण झोपलाय. उठला की सेकंदाला तीन अब्ज ठोके मारतो."

"तीन... अब्ज?"

"एका सेकंदाला."

बेबीनंदाने खोक्याकडे पाहिले. तिच्या बियांना पहिला कोंब दाखवायला चार दिवस लागत. तीन अब्ज म्हणजे किती, हे ती रोलिंग मिलच्या चिमण्या दिसेपर्यंत मनात मांडून पाहत होती... मांडता येईना.

दोघे एकाच फाटकापाशी उतरले.

बेबीनंदा त्या बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत सहा वर्षे होती. सरकीचा प्रत्येक लॉट पाकिटात भरण्याआधी तिच्या हाताखालून जाई. शंभर-शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळून चार गुंडाळ्या करायच्या, चौथ्या आणि बाराव्या दिवशी उलगडून कोंब मोजायचे, आणि चारही आकड्यांची सरासरी काढायची. पंचाहत्तर किंवा वर आली, तर लॉट शेतात जाणार. खाली आली, तर नाही. मोजलेला आकडा तोंडाने उच्चारण्याआधी ती गुंडाळीच्या कडेवर पेन्सिलीने लिही, मग वहीत, आणि मगच कॉम्प्युटरवर. त्या आठवड्यात प्रयोगशाळेचे अंकुरण-कपाट बिघडले होते, म्हणून गुंडाळ्या डब्यात घालून ती गावातल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत ने-आण करीत होती.

खोकेवाल्याचे नाव संपत. घनसावंगीचा, जालन्यात बस स्टँडजवळ त्याचे छोटे दुकान. सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडायचा. बेबीनंदाच्या टेबलावरचा कॉम्प्युटरही त्यानेच वर्षापूर्वी पाठवलेला होता. कंपनीच्या तिन्ही गोदामांच्या नोंदी आता एका नव्या मशीनवर घ्यायच्या होत्या. मॅनेजर सर्जेराव यांनी सांगून टाकले होते, "वापरणार तुम्ही, मॅडम. निवडा बी तुम्हीच."

संपतने खोके उघडले, तासाभरात मशीन जोडले आणि पडद्यावर मोटारींची शर्यत सुरू केली. पॅकिंगच्या बायका दारात गोळा झाल्या. रस्ता सुसाट मागे पळत होता, गाडीच्या लाल पत्र्यावर ढगांची प्रतिबिंबे सरकत होती.

"अगं बाई, अंगावर येती की ही!" कोंब मोजायला मदत करणाऱ्या केशरबाई दोन पावले मागे सरल्या.

बेबीनंदाचाही श्वास अडकला होता. एवढ्या लहानशा चौकोनातून ढग निघतात, हे खरे वाटेना. तरी तिने विचारले, "चुकलं तर सांगतं का हे?"

"काय?"

"हिशेबात चुकलं तर. सांगतं का?"

संपतने मान खाजवली. "चुकत न्हाई हो ते. गेमसाठीच बनवलेला प्रोसेसर हाये, सगळ्यात तेज."

"मी बी चुकत न्हाई. तरी दोनदा लिहिते."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "एक दुसरा प्रकार हाये. सर्व्हरचा प्रोसेसर. ठोके कमी मारतो. गाडी अशी पळणार न्हाई त्याच्यावर. पण वर्ष-वर्ष बंद पडत न्हाई, आणि त्याच्या मेमरीला पहारा असतो."

"पहारा?"

"सांगतो... उद्या."

तो उद्या आला. परवाही आला. एकदा राहिलेला स्क्रू द्यायला आला, एकदा तोच स्क्रू बसवायला. केशरबाईंनी कोंब मोजता मोजता मोठ्याने म्हटले, "नंदाबाई, त्या पेटाऱ्यात बिघाड हाये का जोडणाऱ्यात, तेवढं तपासा जल्दी." बेबीनंदाचा आकडा चुकला. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला एक गुंडाळी पुन्हा मोजावी लागली.

गोष्ट इथेच रमली असती. पण सव्वीस एप्रिलला बेबीनंदा पॅकिंगच्या बाजूने जात असताना पोत्यावरची चिठ्ठी तिच्या नजरेस पडली. लॉट एकशे सतरा. उगवण ब्याऐंशी.

ती थांबली. एकशे सतरा तिच्या डोळ्यांसमोर होता. सहासष्ट.

"थांबवा," ती म्हणाली. "हे पोतं भरू नका. एकही पाकीट भरू नका."

दहा मिनिटांत सर्जेराव प्रयोगशाळेत आले. मोजून झालेल्या गुंडाळ्या केव्हाच खताच्या खड्ड्यात गेल्या होत्या. कडेवरचा पेन्सिलीचा आकडा त्यांच्याबरोबर गेला. वहीत सहासष्ट होते.

"वही तर मागून बी लिहिता येती, मॅडम."

"साहेब, मी..."

"कॉम्प्युटर बेरजेत चुकतो व्हय? आपण घातलं तेच बाहेर येतं. हात चुकला तुमचा. आन् तुमचा हातच चुकून राह्यला, तर मला तुम्हाला पॅकिंगला बसवावं लागंल. कोणाच्या शेतात काय पडंल, ह्याचा भरोसा मी कसा धरू?"

बेबीनंदाने पेन्सिल टेबलावर ठेवली आणि पुन्हा उचलली. केशरबाईंनी फोन करून संपतला बोलावले.

संपत आला. जुन्या मशीनपुढे बसला. चिठ्ठीवर फक्त सरासरी छापली जाई. हाताने भरलेले चार आकडे मागच्या फाइलमध्ये असत, आणि ती उघडणे त्यालाच येत होते. फाइल उघडली. पासष्ट. अडुसष्ट. चौसष्ट. सदुसष्ट.

केशरबाईंनी बोटांवर बेरीज केली. "दोनशे चौसष्ट. चारानं भागा."

"सहासष्ट," बेबीनंदा म्हणाली.

पडद्यावर त्याच चार आकड्यांखाली ब्याऐंशी होते.

संपत पुटपुटला, "सोळाचा फरक... बराबर सोळाचा." तो उठला आणि काचेच्या सात बश्या टेबलावर एका ओळीत मांडल्या.

"कॉम्प्युटरला आकडे येत न्हाईत. दिवे येतात. ही पहिली बशी चौसष्टची, ही बत्तीसची, मंग सोळा, आठ, चार, दोन, एक. बी ठेवली म्हणजे दिवा लागला." त्याने चौसष्टच्या बशीत एक सरकी ठेवली, एक दोनच्या बशीत. "झाले सहासष्ट." मग तिसरी बी उचलून सोळाच्या बशीत ठेवली.

"ब्याऐंशी," बेबीनंदा कुजबुजली.

"एवढंच झालं. एक दिवा लागला. लावायचा नव्हता तो."

"कोणी लावला?"

"सांगता येत न्हाई. गरमी असंल. पलीकडच्या मिलनं भट्टी चालू केली की व्होल्टेज हलतं, ते असंल. न्हाई तर..." त्याने वर पाहिले. "दूरचा एखादा तारा फुटतो. त्याच्यातनं कण निघतात. लाखो वर्षं चालत येतात. त्याच्या धक्क्यानं बी एखादा दिवा लागतो. थट्टा न्हाई करून राह्यलो, मॅडम. पुस्तकात वाचलंय."

बेबीनंदाने वर पाहिले. पत्र्याचे छत, त्याच्यावर एप्रिलचे पांढरे आकाश. तिथून काहीतरी निघते, माणसाच्या आधीपासून चालत येते, आणि जालन्यातल्या एका टेबलावर सरकीच्या सहासष्टला ब्याऐंशी करून जाते. तिच्या अंगावर काटा आला. एका बीतून कोंब कसा फुटतो, याचे तिला सहा वर्षांनीही नवल वाटे. आज त्याच्याइतकेच मोठे दुसरे नवल तिने पाहिले.

सर्जेराव मात्र वर बघत नव्हते. त्यांनी संपतला व्हरांड्यात नेले. दार उघडेच होते.

"संपतराव, हे बघा. मशीन चुकलं म्हणलं, तर औंदाचे सगळे लॉट पुन्हा तपासावे लागतील. हंगाम डोक्यावर आलाय. टायपिंगची चूक म्हणा. नवी मशीन, तिन्ही गोदामांची, तुमच्याकडनंच घेऊ."

"आन् मॅडम?"

"पॅकिंगला बसतील थोडे दिवस. काय बिघडतं?"

आत बेबीनंदाला सगळे ऐकू येत होते. संपतच्या दुकानाला एवढे मोठे काम कधी मिळाले नव्हते. 'माझे मशीन चुकले' असे स्वतःच सांगणाऱ्या माणसाकडून गावात पुन्हा कोण कॉम्प्युटर घेईल?

संपत आत आला. त्याने तिच्याच हातातली पेन्सिल घेतली... मग थांबला, परत दिली, आणि खिशातून पेन काढला. कोऱ्या कागदावर त्याने लिहिले:

'मी जोडलेल्या मशीनने लॉट ११७ ची सरासरी चुकीची दाखवली. भरलेले चारही आकडे बरोबर होते. चूक कशामुळे झाली, ते मला सांगता येत नाही. मशीनलाही सांगता येत नाही. प्रयोगशाळेची वही खरी मानावी.'

खाली सही, तारीख. कागद त्याने सर्जेरावांच्या हातात दिला, बॅग उचलली आणि कोणाकडेही न बघता फाटकाबाहेर गेला.

पुढचे तीन दिवस बेबीनंदा आणि केशरबाई पेन्सिलीच्या वह्या घेऊन बसल्या. दोनशे बारा लॉट पुन्हा ताडून पाहिले. दोनशे अकरा बरोबर निघाले. सर्जेराव शेवटची वही मिटेपर्यंत शेजारी उभे होते. मग चष्मा काढून म्हणाले, "बोललो ते मागं घेतो, मॅडम. आता सांगा, कोणतं मशीन?"

"सर्व्हरचा प्रोसेसर. पहाऱ्याच्या मेमरीसकट."

"तो तेजवाला न्हाई? काय गाडी पळत होती!"

"आपल्याकडं बी उगवायला बारा दिवस लागतात, साहेब. मला घाई न्हाई."

"आन् आणायचं कोणाकडनं?"

बेबीनंदाने उत्तर तयारच ठेवले होते. "ज्यानं स्वतःची चूक लेखी दिली, त्याच्याकडनं."

संपतने तो प्रोसेसर पुण्याहून रात्रभर मांडीवर धरून आणला. मशीन जोडताना त्याने एवढेच सांगितले, "ह्याच्यात आकड्यांजवळ जास्तीचे दिवे असतात, नुसते पहाऱ्याला. एखादा दिवा चुकीचा लागला, तर कोणता, ते त्यांना कळतं. विझवतात आन् वहीत लिहून ठेवतात. ही बघा, ही त्याची वही." पडद्यावरची ती वही कोरी होती. केशरबाईंनाही त्या दिवशी थट्टा सुचली नाही.

दहा जूनच्या दुपारी दुकानातला फोन वाजला.

"मी बोलतेय. प्रयोगशाळेतून. वहीत... एक ओळ आलीय."

संपत वीस मिनिटांत आला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. दोघे पडद्यापुढे वाकले. इंग्रजीतली छोटी ओळ होती. त्याने बोट ठेवून अर्थ सांगितला. दुपारी दोन वाजून अकरा मिनिटे. एक चूक झाली. दुरुस्त केली.

"दोन अकराला मी लॉटचे आकडे भरून राहिले होते," ती म्हणाली. "मला कळलं बी न्हाई. दिवा लागला... आन् कोणीतरी विझवला."

"आन् लिहून बी ठेवलं."

दोघे त्या ओळीकडे बघत राहिले. तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला होता. कोणी सरकले नाही.

"नंदाबाई," तो म्हणाला. मॅडम म्हणाला नाही. "माझ्याकडनं बी चुका होतील. लई होतील. पण... झाली की सांगीन. तेवढं येतं मला."

"ठाऊक आहे. सही आहे माझ्याजवळ."

"तो कागद तुमच्याजवळ हाये?"

"साहेबांकडनं मागून घेतला. वहीत ठेवलाय." ती अजून पडद्याकडेच बघत होती. "रविवारी बाबा घरी असतात. घनसावंगीहून आईला घेऊन या."

"बाबांना काय सांगू, कशाला आलो?"

"सांगायची गरज न्हाई. केशरबाई गेल्त्या परवाच. स्क्रूपासून सगळं सांगून आल्या."

दारामागून केशरबाईंचा खोकला ऐकू आला.

संध्याकाळी परतीच्या टेम्पोत पुन्हा नऊ माणसे होती. अंकुरण-कपाट एव्हाना दुरुस्त झाले होते, तरी बेबीनंदाच्या मांडीवर आज डबा होता. का, ते संपतने विचारले नाही. वळणावर टेम्पो कलला, आणि थंड पाण्याचे थेंब त्याच्या गुडघ्यावर पडू लागले.

"पाणी पडून राह्यलं," ती हळूच म्हणाली.

"पडू द्या," तो म्हणाला. "झोपल्यात त्या. हळू बोला."