रुमालावर बसलेला माणूस

पेण स्टँडवर रोह्याची एसटी लागली, तसा मी खिडकीतून रुमाल टाकला. चढून बघते तर रुमालावर एक उंचापुरा माणूस बसलेला!

"अहो, जागा माझी हाय. रुमाल टाकलाय मी."

"रुमालावर नाव नाही..." तो गालात हसला. "कशावरून तुमचाच?"

असा राग आला! पण तो सरकला, आणि ओल्या खिडकीतून बघता बघता आम्ही रोह्यापर्यंत बोलत राहिलो. हर्षद नाव त्याचं. मग रोज तोच माझ्यासाठी रुमाल टाकू लागला.

महिन्याभरानं गडब गावाच्या पुढे गाडी खड्ड्यांत रखडली, तेव्हा मी फुशारकी मारली. आमच्या रोह्याच्या कारखान्यात गाडीत बसवायचे डबे बनतात. गाडीमालकाला गाडीचा ठावठिकाणा कळवायचा, लांबून इंजिन बंद करायचं, हे त्यांचं काम. प्रत्येक डब्यात कॉम्प्युटरवरून वेगळी गुप्त किल्ली भरायची असते.

"एकेकीला चार मिनटं लागतात. टार्गेट कसं व्हायचं? मी सगळ्यांत एकच भरते. रजिस्टरात वेगळी लिहिते."

हर्षद हसला नाही. "प्रणिता... ती एक चोरली, तर कुणीही हजारो गाड्या भर रस्त्यात बंद पाडेल. आणि उद्या गाड्यांच्या कंपनीकडून तपासणीला मीच येतोय."

दुसऱ्या दिवशी माझ्या सहीचं रजिस्टर उघडून त्यानं विचारलं, "किल्ल्या वेगळ्या आहेत?"

लाइनवरच्या अकराजणी माझ्याकडे बघत होत्या. ऑर्डर गेली तर सगळ्या घरी.

"व्हय," मी म्हटलं.

त्यानं पेनाला टोपण लावलं. "उद्या सही करतो."

सकाळी गाडीत त्याचा रुमाल होताच. मला बसवेना.

"एकच किल्ली हाय. रिपोर्टात लिही."

"तुझं काम जाईल."

"माहीत हाय."

"आपली ओळखही सांगावी लागेल. मग मला इथून हलवतील. चौकशी संपेपर्यंत फोनसुद्धा नाही..." तो अडखळला. "तू मला फार आवडतेस गं."

"ते पण लिहिणार काय?" म्हटलं, आणि रडूच फुटलं.

डबे परत आले, लाइन थांबली. अकराजणी घरी बसल्या त्या माझ्यामुळे. एकही माझ्याशी बोलत नाही. चौकशी अजून चालूच आहे.

काल गेटपास जमा करायला शेवटची रोह्याला निघाले. सवयीनं खिडकीतून रुमाल टाकला आणि घाईघाईनं चढले. रुमालावर कुणीच बसलेलं नव्हतं.