साइट उद्या सुरू करू की!

उर्वी रागातच चादरींच्या दुकानात शिरली, आणि राग यावा असंच झालं होतं. मोबाइलच्या नकाशानं तिला भर उन्हात एका पिठाच्या गिरणीत नेऊन सोडलं होतं. केसांवर पीठ, हातात तापलेला फोन... आणि गल्ल्यावरचा तो तरुण तिला पाहून चक्क हसला!

“गिरणीत जाऊन आलाय वाटतं?”

“म्हणजे तुम्हाला माहीत आहे?”

“सगळेच जातात की! दुकान पूर्वी तितं होतं. गिरणीवाला सांगतो पुढचा रस्ता. लई चांगला माणूस हाय.”

उर्वीनं कपाळाला हात लावला. छोट्या दुकानांना वेबसाइट करून द्यायचं काम तिनं नुकतंच काढलं होतं आणि गिऱ्हाइकाचा पत्ता नव्हता. बाबांची अट होती – दिवाळीपर्यंत एक तरी साइट सुरू झाली, तर सोलापुरात राहा. नाही तर पुण्याची नोकरी धर. टॉवेल घ्यायला आलेली उर्वी दुकानाच्या साइटचं काम घेऊनच बाहेर पडली. तरुणाचं नाव वेणुगोपाल. घरचे यंत्रमाग, घरच्याच चादरी, आणि डोक्यात काय होतं ते देवच जाणे.

नकाशावरचा पत्ता तिनं त्याच दिवशी बदलला. मग सल्ले सुरू झाले. फोटो ट्यूबलाइटखाली नको, दारातल्या उजेडात काढा. चादरीची लांबी-रुंदी लिहा, रंग जातो का ते खरं लिहा, फोन नंबर सगळ्यात वर ठेवा. तो मन लावून ऐकायचा – जरा जास्तच मन लावून – आणि मग म्हणायचा,

“पहिल्या पानावर आजोबांचा फोटो पायजे.”

“ठेवला.”

“वडलांचा?”

“ठेवला!”

“मग काकांनी काय पाप केलंय?”

काका आले, आत्या आल्या, अख्खं खानदान पानावर येऊन बसलं आणि चादर दिसेनाशी झाली! दातओठ खात उर्वीनं सगळ्यांना ‘आमच्याविषयी’ या पानावर हलवलं. तर साहेबांना पानावरच्या बटणाचा रंग खटकला. निळ्याचा लाल झाला, लालाचा हिरवा. त्याची अम्मा उर्वीपुढं चहा ठेवायची, तो तिच्याकडं बघत बसायचा, आणि शेवटी ठरलेलं वाक्य – “उद्या सुरू करू की!” तिचं डोकं फिरायचं. त्याहून जास्त राग तिला स्वतःचा यायचा, कारण दुसऱ्या दिवशी निघताना ती आरशासमोर उगाच रेंगाळायची.

दिवाळी तोंडावर आली. बाबांनी पुण्याचं तिकीट काढलं.

“आता बटणाचा रंग दुसऱ्या कुणाकडून बदलून घ्या,” उर्वी दुकानात येऊन म्हणाली. “मी पुण्याला चालले. कायमची.”

वेणुगोपालचं हसू मावळलं. “पुण्याला? का?”

तिनं बाबांची अट सांगितली. त्याचा चेहरा उतरला.

“हे... आधी का नाही सांगितलं?”

“गिऱ्हाइकापुढं रडगाणं गाऊ? साइट नकोच होती, तर तसं सांगायचं!”

“पायजे होती की. पण...” तो उगाच एका चादरीची घडी मोडत म्हणाला, “झाली, की तुमी यायच्या बंद होणार. म्हणून रंग बदलत बसलो. निळाच बरा होता.”

उर्वी बघतच राहिली. मला जवळ ठेवायचं म्हणून हा माणूस मला पुण्याला धाडत होता! हसावं, की टॉवेलचा गठ्ठा याच्या डोक्यात घालावा?

“अरे शहाण्या,” ती म्हणाली, “साइट सुरू झाली की काम संपतं, असं कुणी सांगितलं तुला? नवे फोटो टाकायचे असतात, लोकांना उत्तरं द्यायची असतात... आणि तेही नसतं, तरी मी आले असते. मला तू आवडतोस. एकदा विचारायला काय झालं होतं?”

“आता... विचारू?”

“आधी साइट सुरू कर!”

त्यानं घाईघाईनं साइट सुरू करायचं बटण दाबलं. उर्वीनं डोळे पुसले आणि फोन लावला.

“बाबा, तिकीट रद्द करा. साइट सुरू झाली... हो, अगदी आत्ता. आणखी एक सांगायचंय, पण ते घरी येऊन.” तिनं वेणुगोपालकडं पाहिलं. तो घाबरून केस सारखे करत होता. “नाही बाबा... एकटी नाही येत.”