मनोऱ्यातली खिडकी

चर्चच्या भिंतीचा गिलावा कुणीतरी खरवडला, अन् मनोऱ्याशेजारी उभी फट उघडी पडली.

"भूकंपाचीच म्हणतात," पास्टर हताश होते. "पाडायचं का, ते मंडळी रविवारी ठरवणार. जागा सुदर्शनसर क्लासच्या होस्टेलसाठी मागतायत. साबेराबाई, खरवडलं कुणी?"

उदगीरची साबेरा असल्या गुंत्यांसाठीच बोलावली जाई. तिची जीप चालवणारा व्यंकटी चार पावलं लांबच उभा. किल्लारीच्या धक्क्यापासून तो दगडी भिंतीला खेटत नसे.

"आपा, मागं व्हा! लई मोठी हाय."

"एक तरी दगड फुटलाय?"

व्यंकटीनं मान लांबवली. "न्हाई. वळंबा लावल्यागत सरळ खाली आलीया."

हात पोचेल त्याच्या वरचा गिलावा शाबूत होता. त्यावर केसासारखी रेघ. खरवडलेला चुना कोपऱ्यात नीट झाडून ठेवलेला.

सुदर्शनसर फाटकातच हसले. "मी असतो तर शिडी लावून अख्खी भिंत सोलली असती, बाई!"

झाडलोट करणारी लक्ष्मम्मा लिंबाखाली लेकरांना गाणं शिकवत होती. नाताळ तोंडावर, पोरं कुडकुडत होती.

"आत का नाही बसत?"

"हितं हवा बरी हाय," ती नजर चुकवत म्हणाली.

साबेरा मनोऱ्याचा जिना चढली. चर्चच्या भिंतीत, मिट्ट काळोखात, गजांची खिडकी! तिच्या खालच्या दगडाला पावसाचं पाणी निथळायला उतार.

"अंधारात खिडकी?" तिनं वरून सांगताच व्यंकटी दारातूनच ओरडला. "गवंडी येडाच की!"

रविवारी मंडळी अंगणातच जमली.

"गवंडी शहाणा होता," साबेरा म्हणाली. "खिडकी बसली तेव्हा पलीकडं आभाळ होतं. आधी चर्च झालं, मनोरा मागून शेजारी आला. दोघांचे दगड गुंफलेच नाहीत. भूकंपाची फट वेडीवाकडी, दगड फोडत जाते. हा सांधा आहे. भुई हलली, तेव्हा दोघं आपापले हलले, म्हणून उभे राहिले. हवं तर इंजिनिअरला दाखवा."

"मग खरवडलं कुणी?" सुदर्शनसर.

"पाडायला आलेला माणूस चुना झाडून ठेवत नाही. अन् शिडी न घेता हात पोचेल तेवढंच खरवडणारी, थंडीत लेकरांना वाऱ्यात बसवणारी इथं एकच."

लक्ष्मम्मानं पदर तोंडाला लावला. "भूकंपात माझी पोर दगडाखाली गेली, बाई. ती रेघ बघवंना. आत किती फाटलंय, बघायचं होतं. फट दिसली अन् वाचाच बसली. सांगावं तर चर्च जातंय, न सांगावं तर लेकरं..."

लक्ष्मम्मा उठली. सांध्यात बोटं घालून बघितली. मग आत जाऊन त्याच भिंतीला पाठ टेकून बसली.

"या रं लेकरांनो."

लेकरं दारातच थबकली. व्यंकटीनं चपला काढल्या, अन् सगळ्यांच्या आधी आत जाऊन तिच्याशेजारी दगडाला टेकला.