सोपा चेंडू

ऑकलंडला, माउंट वेलिंग्टन भागातल्या मॉलमधल्या औषधांच्या दुकानात तो घसा धरून शिरला, तेव्हा बाहेर पाऊस आडवातिडवा कोसळत होता.

"आवाज... परत मिळेल का?" काउंटरवरच्या सुखदाच्या नावपट्टीवरचं मराठी नाव वाचून तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"बिल आणलंय?" सुखदा म्हणाली. तो हसला, खोकला, पुन्हा हसला.

हा श्रीनाथ. आईवडील पुण्याचे, वाढला अमेरिकेत. तिथल्या धाकट्या लीगमध्ये बेसबॉलचा पगारी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. आता ऑकलंडच्या एका रेडिओवर सामन्यांची कॉमेंट्री करायचा. आवाज आठवड्यात परत आला. तो मात्र खोकला नसतानाही गोळ्या न्यायला येतच राहिला.

"तुझा पेशंट बरा होईना गं," शेजारच्या काउंटरवरून जगदीश म्हणायचा. "औषध बदल, नाहीतर फार्मासिस्ट!"

एका रविवारी पाण्याकाठी बसून श्रीनाथने आपला हात कसा गेला ते सांगितलं.

"दुखापत?"

"छे. भीती. फलंदाजाला ताशी नव्वद मैलांनी टाकायचो, नेम चुकत नसे. पण शेजारच्या गड्याला नुसता द्यायचा असतो ना, तो सोपा चेंडू... एक दिवस हातातून सुटेचना. सुटला तो थेट प्रेक्षकांत! अवघड जमायचं, सोपं जमेना. कोच मागे लागला, मग अवघडही गेलं."

सुखदाने धास्ती घेतली ती तेव्हापासून. रेडिओवर तीन तास न थांबता बोलणारा हा माणूस तिच्यासमोर "सुखदा, मला..." इथवर यायचा, घशातला कंठमणी वर-खाली व्हायचा आणि गाडी हवामानाकडे वळायची. ऑकलंडात तो विषय कधी संपत नाही, हे आणखी दुर्दैव. बोल म्हणून मागे लागावं, तर हातासारखा आवाजही गेला तर? पोटच त्यावर भरत होतं त्याचं. आणि गप्प राहावं, तर...

तशात दीड तासावरच्या हॅमिल्टनच्या हॉस्पिटलमधून नोकरीचं पत्र आलं. उद्या उत्तर द्यायचं होतं. गाडीत, वायपरच्या तालावर, तिने ते सांगून टाकलं.

श्रीनाथ पांढराफटक पडला.

"हॅमिल्टन... छान आहे. गायी आहेत. हीप्स... म्हणजे ढीगभर."

एवढंच? मग सुखदाच्या मनात भीतीपेक्षा रागच पुढे आला.

"थेट जमत नसेल तर टप्पा टाकून दे ना! आमच्या क्रिकेटात चालतो!"

तो काचेकडे वळला. मग अगदी हळू म्हणाला, "तुझ्या आईंचा नंबर दे."

"आई? अरे, ती फार अवघड बाई आहे."

"फार?"

"भयंकर."

"मग जमेल."

पुण्यात, आईकडे, सकाळ होती. सुखदाने नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला. आणि श्रीनाथ एका दमात, न अडखळता बोलला: नाव, गाव, आईवडील, गेलेला हात, असलेली नोकरी, आणि तुमची मुलगी मला मनापासून आवडते, लग्न करायचं म्हणतो.

तिकडे कढईत काहीतरी चुरचुरत होतं.

"ते सगळं ठीक आहे," आई म्हणाली. "पण तिला विचारलंत का?"

श्रीनाथ सुखदाकडे वळला. ओठ उघडले. कंठमणी वर गेला... तिथेच अडकला. काचा वाफेने धुरकटल्या होत्या. आता पुन्हा हवामान निघालं तर?

"हो!" ती ओरडली. "हो म्हणतेय ना मी!"

"अगं, त्याला आधी विचारू तरी दे," आई म्हणाली.