सुतकातले पांडव

रानातल्या आखाड्यावरच्या खोलीत पेटी उघडी पडली होती. आतली सोन्याच्या पुतळ्यांची माळ गायब!

माळ ग्यानोबांची. त्यांचा अजून दहावा व्हायचा होता. सडाफटिंग माणूस, जाताना चार लोकांदेखत पुतण्याला म्हणाले, "माझ्या आईची माळ नागूला द्या." नागुबाई बौद्धवाड्यातली, जन्मभर त्यांच्या रानात राबलेली. लग्न दोघांनीही केलं नाही. का, ते गावाला पक्कं ठाऊक होतं, पण बोलायची कुणाची छाती नव्हती.

"इथं शेवटचं कोण आलं होतं?" चाकूरहून आलेल्या फौजदार ऋतुजानं विचारलं.

"हीच की!" पुतण्या वैजनाथनं नागुबाईकडं बोट केलं. "आम्हाला सुतक हाय. औंदा येळवस न्हाई का काई न्हाई. घरातलं कुनी रानात पाऊल ठेवलं न्हाई."

"माळ तिलाच मिळणार होती. ती चोरेल कशाला?"

"दम निघंना आसंल." त्यानं चपलेनं ढेकूळ फोडलं. चपलेवर पांढरे शिंतोडे होते.

"बाई, माळ नगं मला," नागुबाई रडत म्हणाली. "पर चोर म्हनून मरू देऊ नका."

तिच्या घराची झडती झाली होती. काहीच सापडलं नव्हतं. गावानं मात्र तिला चोर ठरवून टाकलं होतं. ऋतुजा जीपकडं वळली.

परवाच येळवस, म्हणजे रानात पूजा करायची वेळा अमावास्या, झाली होती. रानोरानी झाडाखाली पांडव म्हणून मांडलेले पाच दगड पूजेसाठी चुन्यानं पांढरे झाले होते. इथल्या बोरीखालीही पाच दगड तसेच लखलखत होते.

ती थबकली.

"वैजनाथराव, येळवस केली नाही म्हणता. मग हे पांडव रंगवले कुणी?"

"हिनंच..."

"जल्मात हात लावू दिलाव का त्यास्नी?" नागुबाई म्हणाली. "आन् आमच्यात पांडव पुजत न्हाईत."

ऋतुजाच्या खुणेवर शिपायानं मधला दगड उचलला. खाली फडक्यात माळ होती.

"दगड हलवले, ते मातीनं बरबटले," ऋतुजा म्हणाली. "चार रानांसारखे दिसावेत म्हणून तुम्ही चुना फासलात. सुतक सगळ्यांना सांगितलंत, अन् तेवढ्यापुरतं स्वतःच विसरलात. चपलेकडं बघा."

वैजनाथ उसळला. "घराण्याची माळ तिच्या गळ्यात? गाव तोंडात शेन घालील!"

शिपायानं त्याला जीपमध्ये बसवलं. माळ मुद्देमाल म्हणून पारदर्शक पाकिटात गेली.

"एकडाव गळ्यात घालू का?" नागुबाईनं विचारलं.

पंचनाम्याला बोलावलेले पंच बघत उभे होते. ऋतुजा म्हणाली, "कोर्टानं सोडल्याशिवाय देता येत नाही, आजी."

"कवा सोडतंय?"

"वर्षंही लागतात."

"ऱ्हाऊ द्या," नागुबाई म्हणाली. "त्येनं बी जल्मभर लांबूनच दाखवली. तुमी बी लांबूनच दाखवा."

ऋतुजानं पाकीट उन्हात धरलं.